याओवारातला जाताय? आधी 'खीत' म्हणजे काय ते समजून घ्या

खीत म्हणजे १०० ग्रॅम. बँकॉकला निघण्याआधी एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर पहिल्याच रात्री एका जेवणावर आमचे साडेनऊ हजार रुपये गेले नसते. म्हणून आधी तेच सांगतो, बाकीचं नंतर.

बँकॉकच्या चायनाटाऊनमध्ये, म्हणजे याओवारात रस्त्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत, मासे, कोळंबी आणि खेकडे यांचे भाव पाटीवर लिहिलेले असतात. आकडे आपल्याला वाचता येतात. आकड्याच्या मागेपुढे थाई लिपीत जे लिहिलेलं असतं ते वाचता येत नाही. '१८०' दिसलं की आपण समजतो एका प्लेटचे १८० बाट. बऱ्याच ठिकाणी ते १८० एका खीतचे असतात, म्हणजे किलोला १,८००.

आम्ही चौघं होतो: मी, बायको, वहिनी आणि आई. वहिनीचा नाशिकला घरगुती इमिटेशन ज्वेलरीचा व्यवसाय आहे. मणी, साखळ्या, डब्या, रिबिनी हे सगळं ती मस्जिद बंदरहून आणते. साम्पेंगच्या घाऊक बाजाराबद्दल तिने इतकं ऐकलं होतं की सहलीचं खरं कारण तेच होतं. आई ६७ वर्षांची, माळकरी, आणि दोनदा आळंदी ते पंढरपूर पायी गेलेली. त्यामुळे चालण्याबद्दल या लेखात मी काही सांगणार नाही. ३५ अंशांच्या दमट उन्हात पाच-सहा तास चालता येतं, पायात चांगले बूट आहेत आणि पाण्याची बाटली हातात आहे, असं धरूनच लिहितोय.

रविवारी रात्री पोचलो आणि सोमवारी संध्याकाळी याओवारातला गेलो. ही पहिली चूक.

सोमवारी याओवारातच्या फुटपाथवरचे बहुतेक स्टॉल बंद असतात. त्या दिवशी रस्त्याची साफसफाई असते. दुकानं आणि हॉटेलं उघडी असतात, पण ज्याच्यासाठी माणसं जगभरातून तिथे येतात तो रस्त्यावरचा धूर, कढया, प्लास्टिकची स्टुलं आणि रांगा सोमवारी नसतात. आम्हाला सहल आखून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "तिकडे कधीही जा, रोज जत्रा असते." वाट मांगकोन स्टेशनातून वर आलो, प्लेंग नाम रस्त्याने याओवारातवर पोचलो, तर लाल-पिवळ्या निऑन पाट्या झगमगत होत्या आणि खाली रस्ता सुनासुना. सगळ्यांना भूक लागलेली. दुपारी विमानातून उरलेल्या चिवड्याशिवाय कुणाच्या पोटात काही नव्हतं.

अशा वेळी आडव्या गल्लीच्या तोंडाशी मेन्यूकार्ड घेऊन उभा असलेला माणूस देवासारखा भेटतो. गल्लीला तिथे 'सोय' म्हणतात. तो हिंदीत "नमस्ते, कोळंबी, खेकडा, व्हेज भी है" म्हणाला आणि आम्ही आत गेलो. हॉटेलचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. अशी हॉटेलं एक नाहीत.

बर्फावर नदीतली मोठी कोळंबी मांडून ठेवली होती, एकेक वीतभर. पाटीवर १८०. खेकड्यावर १४०. मी बोटाने दाखवलं, चौघांसाठी नको, तिघांसाठी, असं खुणेने सांगितलं. त्याने टोपलीत भरलं आणि टोपली आत नेली. वजन आमच्यासमोर झालं नाही. मी मागितलंही नाही, कारण वजनावर भाव आहे हेच माहीत नव्हतं.

कोळंबी उभी चिरून निखाऱ्यावर भाजलेली होती, डोक्यातला केशरी ऐवज तसाच, बरोबर हिरवी मिरची-लिंबाची आंबट तिखट चटणी. चव खरोखर उत्तम होती, ती नाकारत नाही. मग बिल आलं. कोळंबी १ किलो १०० ग्रॅम, म्हणजे ११ खीत, १,९८० बाट. दोन खेकडे ९०० ग्रॅम, १,२६०. भात ८०, भाजी १००, पाणी १२०, आणि कुणीही न मागितलेले ओले नॅपकिन ४०. एकूण ३,५८०.

मी भांडलो. त्याने शांतपणे पाटीवरच्या त्या थाई अक्षरावर बोट ठेवलं. खोटं काहीच नव्हतं. कार्ड चालत नाही म्हणाला, म्हणून एटीएम शोधलं. तिथल्या एटीएममधून परदेशी कार्डाने पैसे काढले की दरवेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त फी लागते, रक्कम कितीही असो. तीही भरली. आमच्या बँकेच्या दराने बाटमागे साधारण २ रुपये ६५ पैसे पडले. म्हणजे जेवण साडेनऊ हजार, आणि एटीएमचे पावणेसहाशे वर.

पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. आईसाठी साधा भात आणि 'पाक बुंग' नावाची पालेभाजी मागवली होती. आपल्याकडे नाळीची भाजी म्हणतात तीच, मोठ्या आचेवर परतलेली. 'व्हेज' म्हणून त्याने स्वतःच सुचवली. आईने पोटभर खाल्ली, चांगली आहे म्हणाली. हॉटेलवर परतल्यावर बायकोने मोबाइलवर कृती बघितली. त्या भाजीत बहुतेक वेळा ऑयस्टर सॉस असतो, म्हणजे कालवांचा अर्क. आई काही बोलली नाही. रात्री हरिपाठ म्हणताना तिचा आवाज मला नेहमीपेक्षा बारीक वाटला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि हा लेख मी खरं तर तेव्हाच मनात लिहायला घेतला.

तर आता ऐका. समुद्रखाद्य खायचंच असेल तर तीन गोष्टी करा आणि त्यात भिडस्तपणा नको. पाटीवर बोट ठेवून विचारा, "खीत ला थाव राय?" म्हणजे खीतला कितीला? वजन तुमच्या डोळ्यांसमोर, टोपलीचं वजन वगळून करून घ्या. आणि माल आगीवर जाण्याआधी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर पूर्ण रक्कम टाइप करून त्याला दाखवा. "थांग मोत थाव राय?" म्हणजे सगळे मिळून किती. त्याने मान हलवली की मगच बसा. नाही हलवली तर उठा, शंभर पावलांवर दुसरं हॉटेल आहे. प्रकरण हाताबाहेर गेलंच तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५ आहे, तिथे इंग्रजीत बोलता येतं. मला हा नंबर दुसऱ्या दिवशी कळला.

शाकाहारी माणसांसाठी यापेक्षा महत्त्वाचं सांगतो. 'व्हेज' हा शब्द तिथे विसरा. त्यांच्या दृष्टीने मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे व्हेज. फिश सॉस, ऑयस्टर सॉस, सुक्या कोळंबीची पूड यांना कुणी मांस समजत नाही. पपईच्या सलाडमध्येही हे सगळं असतं. तुमचा शब्द आहे 'जे'. "किन जे" म्हणजे मी 'जे' पद्धतीचं खातो. ही चिनी-थाई परंपरा आहे आणि आपल्यापेक्षाही कडक आहे. मांस, मासे, अंडी नाहीत, दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. आपल्या चातुर्मासाच्या ताटासारखंच म्हणा. दुकानावर पिवळा झेंडा असतो आणि त्यावर लाल रंगात एक अक्षर असतं. ते आपल्या डोळ्याला इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखं दिसतं. तो सतराचा पिवळा झेंडा दिसला की निर्धास्त आत जा. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नऊ दिवस यांचा 'जे' उत्सव असतो आणि तेव्हा अख्खा याओवारात पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो. घरात माळकरी किंवा जैन माणूस असेल तर सहल त्याच दिवसांत आखा, माझं स्पष्ट मत आहे. इतर वेळी मंगकोन कमलावात देवळाच्या आसपासच्या गल्ल्यांत शोधलं तर सापडतं. एकच सावधगिरी: सोयाबीन आणि गव्हाच्या ग्लुटेनपासून हुबेहूब बदकासारखे, माशासारखे तुकडे करतात. आई पहिलं ताट बघून मागे सरकली होती. ते काय आहे हे आधी सांगून ठेवा.

'मांगसाविरात' असाही शब्द ऐकायला मिळेल. तो शाकाहारीलाच आहे, पण त्यात अंडं चालतं.

मंगळवार साम्पेंगचा. आता त्या पट्ट्याबद्दल सांगतो ज्याने आमचा जीव काढला.

साम्पेंग हा बँकॉकमधल्या चिनी वस्तीचा मूळ गाभा. १७८२ मध्ये थाई राजा पहिला राम याने नदीच्या या काठावर राजधानी उभारायला घेतली, तेव्हा जिथे राजवाडा व्हायचा होता तिथे राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांना इकडे हलवलं. आज आपण ज्याला चायनाटाऊनचा मुख्य रस्ता समजतो तो सुमारे दीड किलोमीटरचा याओवारात त्यानंतर शंभरएक वर्षांनी, पाचव्या रामाच्या काळात झाला. साम्पेंग ही त्याला समांतर, नदीच्या बाजूची गल्ली. नकाशावर तिचं नाव 'सोय वानित १' असं दिसतं. अरुंद का आहे हे त्यावरून कळतं: ती गाड्यांसाठी कधी बांधलीच नव्हती.

आम्हाला सांगितलेलं वर्णन होतं, "मोठी तुळशीबाग समजा." नाही. तुळशीबागेत माणसं असतात. साम्पेंगमध्ये माणसं, मालाने डोक्याच्या वर रचलेल्या ढकलगाड्या आणि मोटारसायकली एकाच वेळी एकाच फटीतून जातात. राचावोंग रस्त्यापासून चाक्रावात रस्त्यापर्यंतचा पट्टा जेमतेम चारशे-पाचशे मीटर असेल. आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली. दोन्ही बाजूंनी दुकानं गल्लीत पुढे आलेली, वर ताडपत्री, त्यामुळे वारा नाही आणि आतली उष्णता तिथेच कोंडलेली. ढकलगाडीवाला मागून ओरडतो, आपल्याला काय म्हणतोय ते कळत नाही, आणि बाजूला व्हायला जागा नसते, कारण बाजूला हेअरक्लिपांचा ढीग असतो. अशाच एका गाडीचं चाक आईच्या पायाच्या बोटांवरून गेलं. चूक त्याची नव्हती. बिचारा तिथे दिवसभर तेच काम करतो आणि आम्ही गल्लीच्या मधोमध मण्यांचा भाव विचारत उभे होतो. त्याने गाडी सोडून दोन्ही हात जोडून माफी मागितली. बोट सुजलं, मोडलं नाही.

मंगळवारी अकरा ते एक ही वेळ आम्ही निवडली होती. ती निवडू नका. सकाळी साडेआठ-नऊला दुकानं उघडताना तिथे असा आणि अकराला बाहेर पडा. संध्याकाळी पाचनंतर शटर खाली येऊ लागतात, त्यामुळे "आधी जेवू, मग खरेदी करू" हा बेत तिथे चालत नाही. पाठीवरची सॅक पोटावर घ्या. सँडल नको, पुढून बंद बूट घाला. लहान मुलांना आणू नका, बाबागाडी तर अजिबात नको. गल्लीत जीव घुसमटला तर पुढे रेटत राहू नका, जी आडवी सोय दिसेल तिने बाहेर पडा: एका बाजूला दोन मिनिटांत याओवारात लागतो, दुसऱ्या बाजूला नदीकडचा रस्ता. चाक्रावात रस्त्याला लागून त्याच नावाचं देऊळ आहे. आवारात झाडं आहेत, सावली आहे, आणि एका कुंडात मगरी आहेत. आम्ही आईला तिथे बाकावर बसवून पायावर बर्फ लावला.

दिशाही चुकवू नका. आम्ही चायनाटाऊनकडून आत शिरलो आणि गर्दीच्या तोंडावर चालत राहिलो. तुम्ही उलट करा. मेट्रोने साम योत स्टेशनला उतरा, आधी फाहुरात ही भारतीय वस्ती करा, मग साम्पेंगमध्ये शिरा आणि याओवारातकडे चालत या. दिवसाच्या शेवटी तुम्ही जेवणाच्या रस्त्यावर आणि वाट मांगकोन स्टेशनाजवळ असता. मेट्रोत व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट गेटवर टेकवलं तरी चालतं, तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. टुकटुकला मीटर नसतो. सांगितलेला भाव माणशी आहे की गाडीचा, हा वाद आमचा दोनदा झाला. मेट्रो असताना टुकटुक करू नका.

खरेदीतही पुन्हा तेच, माप. तिथे प्रत्येक गोष्टीला दोन भाव असतात: 'प्लीक' म्हणजे किरकोळ आणि 'सोंग' म्हणजे घाऊक. पाटीवर मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेक वेळा घाऊक. घाऊक म्हणजे किती, हे दुकानागणिक बदलतं. कुठे तीन नग, कुठे सहा, कुठे डझन. डझनाला ते 'लो' म्हणतात. वहिनीने पहिल्या दोन तासांत नमुने म्हणून प्रत्येक प्रकाराचा एकेक नग घेतला आणि सगळा माल किरकोळ भावाने पडला. दुकानदारांनी तिला फसवलं नाही, तिने विचारलं नाही. पहिल्या फेरीत फक्त फोटो काढा, दुकानाचं कार्ड घ्या आणि त्यावर भाव आणि किमान नग लिहून घ्या. दुसऱ्या फेरीत घ्या. घासाघीस करायला जाऊ नका. त्या भावात त्यांचा मार्जिन दोन-पाच बाट असतो, आणि नग वाढवले की भाव आपोआप उतरतो.

काय घ्यावं, यावर वहिनीचा निकाल देतो, कारण दहा वर्षं हाच धंदा करते. प्लॅस्टिकचे मोती, क्लचर, रबरबँड हे मुंबईतच घ्या, विमानाच्या वजनाला परवडत नाहीत. सॅटिनच्या रिबिनी, दागिन्यांच्या पॅकिंगच्या डब्या, छोट्या झिपच्या पिशव्या, बारीक धातूचे लटकन, हे इथून न्या. डब्या घडी होणाऱ्या असतील तरच. तिने घडी न होणाऱ्या ४८ घेतल्या आणि त्यांच्यासाठी नवी बॅग घ्यावी लागली.

फाहुरातबद्दल मला कुणीच काही सांगितलं नव्हतं, आणि आईच्या दृष्टीने अख्खी सहल तिथेच झाली. साम्पेंग संपतं तिथे, चाक्रावातच्या पलीकडे कालवा ओलांडला की एकदम साड्या, लेहंगे, अगरबत्ती, समोसे. कापडाच्या व्यापारासाठी पंजाबहून आलेले शीख इथे स्थिरावले त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा श्री गुरू सिंग सभा दुरूनच दिसतो. मंगळवारच्या त्या प्रकारानंतर गुरुवारी सकाळी आम्ही आईला घेऊन तिथे गेलो. बूट काढले, डोकं झाकलं, दर्शन घेतलं आणि लंगरला बसलो. डाळ, भाजी, पोळी, खीर. तिथली सेवा करणारी एक बाई हिंदीत बोलली, आईने तिला नामदेवांची पदं गुरुग्रंथसाहिबात आहेत ना, असं विचारलं. ती बाई म्हणाली, "हां जी, भगत नामदेव जी." आईने तिचे हात धरले. चार दिवसांत पहिल्यांदा आई पोटभर आणि शांत मनाने जेवली. बँकॉकला शाकाहारी वडीलधाऱ्यांना नेत असाल तर पहिल्याच सकाळी इथे आणा, पाचव्या दिवशी नको. आणि जेवून झालं की सेवेला अर्धा तास द्या. आईने पोळ्या लाटल्या.

बुधवारी तालात नोई आणि सोंग वात या नदीकाठच्या जुन्या भागात फिरलो. छान दिवस गेला. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा याओवारात. आता कुठे तो खरा रस्ता दिसला. सहानंतर स्टॉल लागतात, सात ते नऊ चेंगराचेंगरी असते, साडेनऊनंतर जरा मोकळं होतं. नऊनंतर जा, स्टॉल बराच वेळ चालू असतात आणि मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत असते. मिशेलिन या नावाजलेल्या खाद्य-मार्गदर्शकाचं स्टिकर लावलेल्या स्टॉलसमोर पाऊण तास उभे राहिलो ती चूक पुन्हा करणार नाही. तेच पदार्थ शेजारी पाच मिनिटांत मिळतात आणि फरक पाऊण तासाचा नक्की नाही. मांसाहारी असाल तर कुआय जाप खा: गुंडाळी केलेल्या तांदळाच्या शेवया, डुकराचं मांस आणि आतडी, आणि पांढऱ्या मिरीचा असा झणझणीत रस्सा की नाक वाहतं. दमलेल्या अंगाला याहून चांगलं औषध नाही. कालवांचं ऑम्लेटही चांगलं, कुरकुरीत मागा. अशा स्टॉलवर भाव वाटीचा असतो, खीतचा नाही, आणि पाटीवरचा आकडा तोच बिलाचा आकडा. पहिल्या रात्री तिघांनी जे खाल्लं त्याच्या सातव्या हिश्श्यात आम्ही पोटभर जेवलो.

पक्ष्याच्या घरट्याचं गोड सूप मोठमोठ्या पाट्या लावून विकतात. एक वाटी चौघांत चाखली. साखरेचं पाणी आणि त्यात पारदर्शक तंतू. पैसे वाया. शार्कच्या पंखाचं सूप खाऊ नका, चवीचा प्रश्नच नाही, पंखांसाठी शार्क ज्या पद्धतीने मारले जातात ते वाचा आणि ठरवा. डाळिंबाच्या रसाच्या लाल बाटल्या बर्फात रचलेल्या सुंदर दिसतात, पण सोलापूरचं डाळिंब खाल्लेल्या माणसाने त्यावर पैसे घालू नयेत. भाजलेली चेस्टनट घ्या. काळ्या खड्यांत साखरेबरोबर परततात, गरम पिशवी हातात धरून चालायला मजा येते. तीही वजनावर, विचारून घ्या. ड्युरियन फणसाच्या भावकीतला वाटतो पण त्याचा वास हॉटेलच्या खोलीत चालत नाही, रस्त्यावरच खाऊन संपवा. सोललेल्या गऱ्यांच्या डब्यावर लिहिलेला भाव डब्याचा की किलोचा, हेही विचारा.

सोन्याच्या दुकानांबद्दल थोडं, कारण बायको तिथून हलत नव्हती. लाल भिंती, सोनेरी अक्षरं, काचेच्या मागे साखळ्यांच्या रांगा. थाई सोनं ९६.५ टक्के शुद्धतेचं असतं, आपल्या २२ कॅरेटच्या ९१.६ पेक्षा जास्त, म्हणून रंग गडद दिसतो. तिथे 'बाट' हे चलनाचंही नाव आणि सोन्याच्या वजनाचंही. दागिन्यांचा एक बाट म्हणजे १५.१६ ग्रॅम, दहा ग्रॅमचा तोळा धरला तर दीड तोळ्याहून किंचित जास्त. रोजचा भाव सगळ्या दुकानांत सारखाच असतो, फरक फक्त घडणावळीत. पण भारतात परतताना सोन्याचे दागिने शुल्काशिवाय आणायची सवलत वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्यांनाच आहे. चार दिवसांच्या पर्यटकाने तिथून सोनं आणू नये. बायकोला हे पटायला दोन दुकानं लागली.

सुवर्णबुद्ध मात्र बघाच. याओवारातच्या पूर्व टोकाला, ओडियन चौकातल्या चिनी कमानीजवळ वाट त्राइमित आहे. साडेपाच टनांची सोन्याची बुद्धमूर्ती, जी कित्येक वर्षं चुन्याच्या गिलाव्याखाली लपून होती. १९५५ मध्ये हलवताना गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. आई तिथे बराच वेळ बसली होती.

शेवटचा पदार्थ, सगळ्यांनी मिळून खाल्लेला, आणि माझ्या मते त्या रस्त्यावरचा सगळ्यात चांगला: बुआ लोय नाम खिंग. तांदळाच्या पिठाचे मऊ गोळे, आत काळ्या तिळाचं गोड सारण, आणि वरून आल्याचा गरम तिखट पाक. आईने आधी विचारायला लावलं. मी मोबाइलवर थाईत लिहून दाखवलं: अंडं नको, चरबी नको, 'जे' आहे का? स्टॉलवरच्या म्हातारीने आईच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली, आपल्या मनगटातली मण्यांची माळ दाखवली आणि मान हलवून "जे, जे" म्हणाली. मी भाव विचारला, आणि लगेच किती गोळ्यांचा तेही विचारलं. तिने पाच बोटं दाखवली. आईने अजून एक वाटी मागितली.